कंपनी, कॉलेज आणि सोसायटी: पिंजऱ्यातल्या मासेशेतीचा करार कसा असावा?

गोमाईकाठ
नमस्कार मंडळी. मी शहाद्याचा. अक्राणी तालुक्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यावर मासेमारी करणारी एक आदिवासी सहकारी सोसायटी आहे, तिच्या हिशेबाचं काम बघतो. सभासद बहुतेक पावरा आणि भिल्ल, जमिनी पाण्याखाली गेलेले. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणात गेली, त्यातल्याच काही गावांचे हे लोक.

मध्यंतरी एक कंपनी आणि एका कॉलेजचे प्राध्यापक एकत्र येऊन भेटले. प्रस्ताव असा: फुगवट्यात पिंजरे टाकायचे. बीज आणि खाद्य कंपनीचं, पाण्यातला ऑक्सिजन आणि तापमान मोजणारी यंत्रं कॉलेजची. खाद्य घालणं, राखण आणि मासे काढणं सोसायटीकडे. कागदावर याला संशोधन भागीदारी म्हटलंय. बोलण्यात सारखा नॉर्वेचा दाखला, तिथे खोल समुद्रात संस्था आणि कंपन्या मिळून कसे पिंजरे उभारतात वगैरे. मसुदा इंग्रजीत आहे. मी तो बसून मराठीत सांगितला, एका मुलाने पुढे पावरीत सांगितला. मासे मेले तर तोटा कोणाचा, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

मला विरोध करायचा नाही. मुलं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, इथेच काम मिळालं तर हवंच आहे. पण समुद्रातल्या मासेशेतीत अशा भागीदाऱ्या खरोखर कशा चालतात, कोण काय घालतं, कोणाला काय मिळतं, हे जाणकारांनी सांगावं. सही करण्याआधी आम्ही काय विचारायला हवं?

अरुणावती
मूळचा शिरपूरचा, सध्या नॉर्वेत ट्रॉन्डहेमला. समुद्रातल्या तरंगत्या बांधकामांवर काम करतो, म्हणून लिहितो.

नॉर्वेचा दाखला देणारे फोटो दाखवतात तो बहुधा 'ओशन फार्म १' असतो. सालमार कंपनीचा, ११० मीटर व्यासाचा पोलादी सांगाडा. चीनमधल्या चिंगदाओला बांधला, २०१७ मध्ये इथे आणला, पंधरा लाख सामन मासे मावतील एवढा. फोटो भारी येतो, पण त्यामागची व्यवस्था फोटोत येत नाही आणि तुमच्या कामाची गोष्ट तीच आहे.

इथे मासेशेतीचा परवाना मिळणं फार अवघड आणि फार महाग. सरकारने २०१५ ते २०१७ या काळात 'विकास परवाने' काढले. म्हणजे असं की तुम्ही नवीन, धोक्याचं तंत्र करून बघता ना, मग परवाना फुकट घ्या. ठरवलेली उद्दिष्टं पूर्ण केलीत तर नंतर एक कोटी क्रोनर (इथलं चलन) भरून तो कायमचा करून घ्या. पण जे शिकाल ते बाकीच्या धंद्याला सांगायचं, ही त्यातली अट. सालमारला असे आठ परवाने मिळाले. धोका जनतेने वाटून घेतला म्हणून ज्ञानही जनतेचं, असा सरळ हिशेब होता.

दुसरी गोष्ट 'एक्स्पोज्ड' नावाचं संशोधन केंद्र, २०१५ ते २०२३. यजमान सिंटेफ ओशन ही संस्था, सोबत विद्यापीठ आणि मासेशेतीतल्या, जहाजांच्या, उपकरणांच्या कंपन्या. वारा-लाटांच्या उघड्या जागी पिंजरा, नांगर, बोट, माणूस आणि मासा यांचं काय होतं, एवढाच विषय. खर्च संशोधन परिषद, यजमान आणि कंपन्या मिळून उचलत. आठ वर्षं, हे लक्षात ठेवा. तुमच्या मसुद्यात मुदत किती आहे?

गोमाईकाठ
@अरुणावती, अठरा महिने. पुढे 'परस्पर संमतीने वाढवता येईल'.

सरळवाट
माफ करा, पण कुठे नॉर्वे आणि कुठे अक्राणी! तिकडे समुद्र, थंडी, सामन, पैसा. इकडे पाणी आहे आणि हाताला काम नाही. कंपनी येतेय तर येऊ द्या. फार प्रश्न विचारले की ती शेजारच्या जिल्ह्यात जाते, हे जळगाव-धुळ्याने पुष्कळदा बघितलंय.

चोपडेकर
मी मत्स्यशास्त्र शिकले आहे, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. आता बीज केंद्रांसोबत काम करते. नॉर्वेपर्यंत जायची गरज नाही, आपल्याच देशात चांगलं उदाहरण आहे.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टणमजवळ उघड्या समुद्रात पिंजरा टाकला, त्यात जिताडा वाढवला. पुढे किनाऱ्यावरच्या बऱ्याच राज्यांत मच्छीमारांच्या गटांना घेऊन प्रात्यक्षिकं केली. पिंजऱ्याचा आकार लहान करत करत सहा मीटर व्यासावर आणला, कारण मोठा पिंजरा गावच्या चार माणसांना आवरत नाही. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. तो झाला कारण मच्छीमार तिथे पिंजऱ्यावर उभे होते आणि त्यांना काय जमत नाही हे संशोधकांना रोज दिसत होतं.

मग अडलं बीजावर. पिंजरा आहे, पिल्लं नाहीत. संस्थेच्या मंडपमच्या केंद्रात २०१० मध्ये कोबिया आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पॅनो या समुद्री माशांचं प्रजनन साधलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. एवढा धीर सरकारी संस्थेलाच परवडतो. कंपनीचा ताळेबंद दर तीन महिन्यांनी येतो.

आणि @सरळवाट, नॉर्वे आपल्या ताटात कधीच आलाय. 'जयंती' रोहू ऐकलाय का? भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधन संस्थेने नॉर्वेच्या आक्वाफोर्स्क या संशोधन संस्थेबरोबर १९९२ मध्ये निवड पद्धतीने, म्हणजे दर पिढीतले चांगले मासे निवडून, रोहू सुधारायला घेतला. जी पद्धत त्यांनी सामनवर बसवली तीच. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तो बाहेर आला म्हणून नाव जयंती. देशातली बीज केंद्रं त्याचं बीजोत्पादन करतात. संशोधनातली भागीदारी म्हणताना मला हे अपेक्षित आहे.

गोमाईकाठ, मसुद्यात मासा कुठला लिहिलाय?

गोमाईकाठ
पंगस. आणि 'आवश्यकतेनुसार चिलापी', म्हणजे तिलापिया.

चोपडेकर
मग त्यावर बोलावं लागेल. जाळी फाटली की हे बाहेरचे मासे नर्मदेत जाणार. चिलापी तर कुठेही रुजते. नर्मदा ही महाशीरची नदी, मध्य प्रदेशने २०११ मध्ये त्याला राज्यमासा केलं आणि धरणांमुळे त्याची आधीच दैना आहे. मासे निसटले तर कोणी काय करायचं, हे करारात हवंच.

गिरणाथडी
मी अनुभव सांगतो. कोणाचं नाव घेणार नाही.

आमच्या भागातल्या एका धरणावर असेच पिंजरे आले. एक कंपनी, एक महाविद्यालय, उद्घाटनाला मंडप, पेपरात फोटो. पहिला हंगाम बरा गेला. खरं सांगायचं तर छानच गेला, एकेक मासा किलोच्या पुढे. तरुण पोरं दिवसरात्र तरंगत्या शेडमध्ये राहायची.

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. शेतीला आवर्तनं सुटली, पाणी झपाट्याने उतरलं. पिंजऱ्याचा तळ गाळाला टेकायला लागला. पिंजरे खोल पाण्यात ओढायचे तर नांगर उचलायला बोट हवी, ती कंपनीची, आणि कंपनीचा माणूस फोन उचलेना. मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. सूर्य वर येईपर्यंत अर्धे उलटे. पोरांनी हातजाळ्याने काढून काढून काठावर ढीग लावले. महाविद्यालयाच्या लोकांकडे ऑक्सिजनचे आकडे होते, आदल्या चार रात्री तो खाली येत होता, सगळं यंत्रात नोंदलं जात होतं. पण ते आकडे त्यांच्या संगणकावर. पिंजऱ्यावर झोपणाऱ्या पोराला काही कळायची सोय नव्हती!

पुढे त्यावर शोधनिबंध निघाला म्हणे. आमच्या सोसायटीकडे गंजलेल्या चौकटी राहिल्या आणि खाद्याच्या दुकानाची उधारी. कारण खाद्य 'कंपनीतर्फे' असलं तरी बिल सोसायटीच्या नावावर फाटायचं. तुमच्या मसुद्यात हे नीट बघा, भाऊ. बिल कोणाच्या नावावर.

सरळवाट
@गिरणाथडी, हे वाचून वाईट वाटलं. आधीचं घाईत लिहिलं होतं. तरी कंपनी नकोच, असं तुमचंही म्हणणं नाही ना?

गिरणाथडी
नाही. पहिला हंगाम मी डोळ्यांनी बघितलाय. पाण्यात पैसा आहे. मला फक्त तो उतरत्या पाण्यातही टिकायला हवा.

पाईपवाला
जळगावच्या एमआयडीसीत पाईपच्या धंद्यात आहे, म्हणून गंजलेल्या चौकटींवरून राहवलं नाही. समुद्रातले गोल पिंजरे एचडीपीई, म्हणजे दाट पॉलिथिलीन प्लास्टिकच्या पाईपचे असतात. ते पाण्यापेक्षा हलकं, गंजत नाही, लाटेबरोबर वाकतं आणि परत सरळ होतं. शेतातला पीव्हीसी पाईप यात चालत नाही, तो पाण्यापेक्षा जड आणि उन्हाने कडक होऊन तडकतो. एचडीपीईचे सांधे गरम ताटलीवर वितळवून जोडतात, तो सांधा नीट झाला तर पाईपपेक्षा मजबूत. काळाच पाईप घ्या. त्यातलं कार्बन ब्लॅक उन्हापासून वाचवतं, बाकी रंग सातपुड्याच्या उन्हात लवकर पिकतात.

आपल्या जिल्ह्यात ठिबक आणि टिश्यूकल्चर केळी आली तेव्हा उद्योग आणि संशोधन हातात हात घालून शेतकऱ्याच्या बांधावर गेले होते. मग पिंजऱ्याचा पाईप बाहेरून कशाला? चौकट, जाळं, नांगर हे जळगाव-धुळ्यात दुरुस्त होईल असंच सामान घ्या. सांधा फुटला आणि माणूस चेन्नईहून यायचा असेल तर तोवर मासे भरूचला पोचतील.

भरीतप्रेमी
चर्चा भारी चाललीय. मला एकच सांगायचंय, पंगस असो की रोहू, खान्देशी काळ्या मसाल्यात पडला की जात विसरतो. :)

उकाई_नवापूर
@भरीतप्रेमी, अजिबात नाही! आमच्याकडे उकाईच्या फुगवट्याचा कटला आणि पिंजऱ्यातला पंगस शेजारी ठेवा, डोळे मिटून सांगतो. पण लग्नाच्या पंगतीला पंगसच चालतो, काटा कमी म्हणून. नवापूरच्या बाजारात दोन्हीला गिऱ्हाईक आहे.

पांझराकाठ
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. बंधाऱ्याचं पाणी, त्याखालच्या जमिनीचे फड, कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळे मिळून ठरवतात. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, त्यांचा मोबदला गाव देतं. यातली खरी गोम दुष्काळात कळते. पाणी कमी झालं की क्षेत्र सगळ्यांचंच कमी होतं, एकट्याचं शेत वाळत नाही.

आमच्या मागच्या पिढ्यांना ही अक्कल होती की तुटीचा नियम सुगीत ठरवायचा असतो. पिंजऱ्याच्या करारात नेमकी हीच जागा कोरी दिसतेय. पाणी उतरलं, रोग आला, भाव पडला, तर कोणी किती सोसायचं? ते आत्ताच लिहा, सगळे हसतमुख आहेत तोवर.

सरळवाट
पांझराकाठ, हा मुद्दा पटला. पण एक बाजू राहतेय. संशोधन कंपनीच्या पैशावर झालं तर त्यावर तिचा हक्क नको का? सगळंच सगळ्यांना वाटायचं म्हटलं तर कोण पैसा घालेल?

चोपडेकर
चांगला प्रश्न आहे. याचं उदाहरण म्हणजे 'गिफ्ट' नावाची सुधारित चिलापी. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये काम सुरू झालं, आंतरराष्ट्रीय संस्था आणि पुन्हा तेच आक्वाफोर्स्क. इजिप्त, घाना, केनिया, सेनेगलमधून मूळ मासे आणून त्यांच्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. सगळं सार्वजनिक पैशावर. १९९९ मध्ये त्याच्या पुढच्या विकासाचे व्यापारी हक्क जेनोमार या नॉर्वेच्या कंपनीकडे गेले. तेव्हा बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. पण त्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आताच्या वर्ल्डफिशने, आपल्याकडचं सार्वजनिक वाण मलेशियात चालू ठेवलं आणि ते विकसनशील देशांना देत राहिली. म्हणून आज दोन्ही आहेत, कंपनीचा मासा आणि लोकांचा मासा.

तेव्हा कंपनीने नफा जरूर घ्यावा. तिचं खाद्याचं सूत्र तिच्याकडेच ठेवावं. पण फुगवट्याचं पाणी कसं वागतं, कुठल्या महिन्यात ऑक्सिजन किती उतरतो, हे ज्ञान त्या पाण्याचं आहे. ते सोसायटीकडे राहिलंच पाहिजे, कंपनी निघून गेल्यावरही.

तोरणमाळ
मी धडगावकडचा, पावरा. घरचे याच पाण्यात मासे धरतात. वर सगळे पाण्याबद्दल बोलतात म्हणून सांगतो.

हे पाणी तलावासारखं पसरलेलं नाही. डोंगराच्या दऱ्यांत वर चढलेलं आहे. काठ सरळ खाली जातो. पावसाळ्यानंतर जिथे बांबू तळाला लागत नाही, तिथे उन्हाळ्यात आम्ही चालतो. पाण्याखाली झाडांचे बुंधे उभे आहेत, साग, मोह. जाळं टाकताना कुठे अडकतं ते आमच्या बायांनाही पाठ आहे. नकाशात ते नाही. पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांतून ओंडके येतात, पाणी गढूळ होऊन एकदम थंड होतं, त्या दिवशी मासा खाणं सोडतो. वैशाखात दुपारनंतर दरीतून वारा सुटतो, डोंगी फिरवून टाकतो.

कंपनीचे लोक आले तेव्हा पाणी भरलेलं होतं. त्यांनी एक वळण निवडलं, सुंदर जागा. होळीनंतर तिथे दगड वर येतात. त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही बोललो नाही, साहेब लोक आहेत म्हणून.

आमना लोकेस्ले बी त्या कागदमा नाव पाहिजे. मजूर म्हणून नही, जाणकार म्हणून.

चोपडेकर
@तोरणमाळ, तुमचा प्रतिसाद मसुद्याला जोडावा असा आहे. ऊन आणि ऑक्सिजन मी जोडते. दहा अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला साडेसात. नॉर्वेचा मासा आणि आपला मासा यांच्यात श्वासाचाच एवढा फरक. रात्री शेवाळंही ऑक्सिजन खातं म्हणून पहाट सगळ्यात वाईट. गिरणाथडींनी सांगितलं तेच. म्हणून तिकडचे आकडे, किती घनमीटरला किती मासे वगैरे, जसेच्या तसे घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यासाठी संख्या कमी धरावी लागेल.

खाद्यावरही बोलायचं होतं. निम्म्याहून जास्त खर्च त्याचाच. खान्देशात सरकी पेंड भरपूर, ती वापरू असं कोणीतरी सुचवेलच. त्यात गॉसिपॉल असतं, जास्त झालं तर माशाला घातक. किती घातली तर चालते, हा कॉलेजसाठी चांगला विषय आहे आणि त्याचा फायदा इथल्या प्रत्येक तळेवाल्याला होईल.

अरुणावती
तोरणमाळ यांचं वाचून इथल्या कामाशी जोड लागली. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि पाणी उतरण्याची किमान पातळी ११०.६४. म्हणजे अठ्ठावीस मीटरचा फरक! समुद्रात भरती-ओहोटीला आम्ही काही मीटर धरतो. नॉर्वेकडून खरोखर काही घ्यायचं तर हे नांगर-दोरांचं शास्त्र घ्या. दोर किती सैल, उतारावर नांगर कसा धरतो, पाणी उतरताना पिंजरा काठावर आपटू नये म्हणून काय करायचं. कॉलेजने सेन्सर लावण्याआधी हे गणित करावं, आणि तळाची माहिती तोरणमाळ यांच्या घरच्यांकडून घ्यावी, मोबदला देऊन.

मासे निसटण्यावरही. इथे २००३ मध्ये एनएस ९४१५ हे पिंजऱ्यांच्या बांधणीचं मानक आलं, पुढे मोठ्या प्रमाणावर निसटणं कमी झालं. तरी २०१८ मध्ये त्या भल्यामोठ्या ओशन फार्ममधूनही मासे निसटले. ते लपवलं गेलं नाही, कारण कळवणं बंधनकारक आहे. माशांना लागणाऱ्या समुद्री उवांची मोजणीही प्रत्येक फार्मला ठरलेल्या वेळी कळवावी लागते आणि ती कोणालाही बघता येते.

आणि पैशाचं. मासळीच्या निर्यातीवर ०.३ टक्के शुल्क बसतं, ते सामायिक संशोधन निधीत जातं. कुठलीही एक कंपनी त्याची मालक नाही. तुमच्याकडे एवढं मोठं करणं शक्य नाही, पण विक्रीच्या किलोमागे थोडी रक्कम सोसायटीच्या वेगळ्या खात्यात, दुरुस्ती आणि चाचण्यांसाठी, एवढं मागता येईल.

पांझराकाठ
+१. ते खातं कंपनीच्या सहीशिवाय चालायला हवं.

उकाई_नवापूर
२०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पिंजऱ्यांना अनुदान ठेवलं होतं. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के, बाकीच्यांना ४०. सोसायटीच्या नावावर अर्ज होतोय की कंपनीच्या सोयीसाठी सभासदांची नावं वापरली जातायत, हे बघा. पिंजरे कोणाच्या मालकीचे हे त्यावर ठरेल.

गोमाईकाठ
सगळ्यांचे आभार. सगळं छापून सभेत वाचून दाखवलं. तोरणमाळ यांचं लिहिलेलं वाचताना म्हाताऱ्या माणसांनी मध्येच थांबवून आणखी दोन जागा सांगितल्या, जिथे उन्हाळ्यातही पाणी टिकतं.

मसुदा सही न करता परत पाठवलाय. करार मराठीत हवा आणि सभेत वाचून मंजूर व्हावा. ऑक्सिजनचा आकडा पिंजऱ्यावरच दिसावा, आणि राखणीचा माणूस रोज वहीत तो, खाद्य आणि मेलेले मासे लिहील. ती वही सोसायटीची, नक्कल कॉलेजला. जागा आम्ही दाखवू. पहिल्या दोन हंगामांचा तोटा कंपनीचा, पुढे वाटून. खाद्याचं बिल कंपनीच्या नावावर. चिलापी नको, आणि एका पिंजऱ्यात जयंती रोहू करून बघावा. मुदत किमान पाच वर्षं.

प्राध्यापकांचा फोन आला. वही, मराठी करार, जागा, रोहू हे त्यांना मान्य आहे. उलट ते म्हणाले की असं आधी कोणी मागितलंच नव्हतं. कंपनी तोट्यावर आणि मुदतीवर अडलीय, दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलंय. सभासदांचा निर्णय पक्का आहे, तोट्याचं कलम नसेल तर सही नाही. सोसायटीची जाळी आहेत, मासेमारी चालू आहे, उपाशी कोणी नाही.

@चोपडेकर ताई, एक विचारायचं राहिलं. ते ऑक्सिजनचं यंत्र आमच्या मुलांना सांभाळता येईल का? काय बिघडतं त्यात?

चोपडेकर
नक्की येईल. टोकाला पातळ पडदा असतो, त्यावर शेवाळ बसलं की आकडा चुकतो. मऊ कापडाने पुसायचा, घासायचा नाही. उघड्या हवेत धरून अधूनमधून जुळवून घ्यायचं. पडद्याची टोपी काही काळाने बदलावी लागते आणि ती स्वस्त नसते, म्हणून सुट्या टोप्यांचा खर्च कॉलेजने द्यावा हे आत्ताच लिहून घ्या. दिवाळीत मी चोपड्यालाच आहे, धडगावला येऊन मुलांना दाखवून जाते.

तोरणमाळ
या ताई. रस्ता खराब आहे, सकाळी लवकर निघा. डोंगी काठावर तयार ठेवतो.